भित्रीच्या हाती सूप

भाद्रपदाचा काळोखा पंधरवडा लागला, हे मला पंचांगाआधी तळव्यांना कळतं. पावलाच्या मधोमध, जिथं चप्पलसुद्धा नीट टेकत नाही तिथं, गार काहीतरी सरकायला लागतं. सून म्हणते, "आई, साखर तपासून घेऊ या एकदा." तिचंही बरोबर आहे. या वयात पायाला काहीही झालं तरी साखरेवरच आळ येतो. पण साखर नाही ती. चिखल आहे. तोही ओल्या भाताच्या वासाचा, थोडा खारट, पन्नासएक पावसाळ्यांपूर्वीचा.

गणपती गेलेले असतात. पेणच्या कारखान्यांतून शाडूच्या पांढऱ्या पायांचे ठसे तेवढे फरशीवर उरलेले, आणि रंगाचे डबे उलटे घालून ठेवलेले. बाजारात पितरांसाठी भोपळा, गवार, अळू. शेतात भात निसवलेलं. दाणा अजून दूध आहे, बोटानं दाबला तर फुटेल असा. पाऊस जाऊ की नको करत असतो. आणि अमावास्या जवळ आली की खाडी फुगते.

आमचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला अगदी गाल लावून. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, आणि दोघांत मातीचा एक बांध. एवढाच काय तो आमचा तट. बांध फुटला की आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, म्हणतात 'खांड पडली'. घरात कुणी गेल्यावर आवाज खाली येतो ना, तसाच हा शब्द उच्चारताना येतो. कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन पुढली काही वर्षं माहेरी जाऊन बसलेल्या बाईसारखी रुसते. कितीही मनवा, पिकत नाही.

बाहेरचे लोक विचारतात, लाटा मोठ्या असतात का हो तुमच्याकडे? लाटा कसल्या! बांध लाट फोडत नाही. चिंबोरी फोडते. खाडीच्या अंगानं ही खेकडी बीळ करते, मुठीएवढं. त्यातून थेंब येतो, थेंबाची धार होते, आणि अमावास्येच्या उधाणाला दुपारी पाणी टेकलं की त्याच बिळातून बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. म्हणून सर्वपित्रीच्या दिवशी, पहाटेची ओहोटी लागली की आमच्या गावच्या बाया अनवाणी बांधावरून चालतात. पुढली बाई हातात सूप घेते, सुपात तांदूळ. बीळ दिसलं की थांबायचं, चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि म्हणायचं, "मावशे, तुझं घर बुजवतो, राग धरू नको, पलीकडं नवं कर." मागच्या बाया तांदळाच्या खुणेवर चिखल घालतात आणि टाचेनं दाबतात. याला पूजा म्हणा, डागडुजी म्हणा. संध्याकाळी त्याच मावशीचं कालवण करण्याची सोय मात्र नसते, कारण घरात पितरांचं पान असतं. अमावास्येची भरलेली चिंबोरी सोडून खीर खायची! पितर नक्कीच घाटावरचे असणार.

हे सगळं आमच्या घरातल्या पोथीत लिहून ठेवलेलं आहे. माझ्या नवऱ्याच्या पणज्यानं त्याच्या आईच्या तोंडून ऐकून मोडीत उतरवलेली ही पोथी. जाड कागदाची सुटी पानं, वर-खाली फणसाच्या फळ्या, लाल खारव्याचं फडकं, आत कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे. कसर लागू नये म्हणून. तरी लागलीच आहे. काही पानांच्या कडा इतक्या बारीक कुरतडलेल्या आहेत की लेस लावल्यासारख्या दिसतात. चिखल कुठल्या खड्ड्यातला घ्यावा (शेताच्या अंगाचा, खाडीचा नाही), त्यात पेंढा किती कुस्करावा, उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, काय म्हणावं, आणि पुढे कुणी चालावं, हे सगळं त्यात आहे. चालायच्या आदल्या संध्याकाळी ती वाचायची असते.

आणि यंदा आदल्या संध्याकाळी ती घरात नव्हती. रोह्याहून निघून कुठंतरी पाण्यात अडकली होती. आणि तिच्याबरोबर माझी नात.

*

तनूला दोष देऊन उपयोग नाही. रोह्याला कुणी मंडळी आली होती जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढायला. एका शाळेच्या वर्गात पांढरे दिवे लावून पान पान टिपत होती म्हणे. तनू पेणला कॉलेजात जाते. तिला खबर लागली. आठ दिवस माझ्यामागे भुणभुण. "आजी, फोटो काढले की पोथी कायमची राहील. कसर नाय लागणार."

"फोटोला चिखलही लागायचा नाही," मी म्हटलं.

"चिखल कशाला लागायला पाहिजे?"

पानांच्या कोपऱ्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या अंगठ्यांचे मळकट ठसे आहेत. माझाही एक आहे. पण हे तिला सांगितलं असतं तर तिनं त्याचाही फोटो काढला असता, वेगळा. शेवटी मीच पोथी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली, वर माझी जुनी शाल. तनू सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला गेली आणि दुपारपासून आभाळ फुटलं.

संध्याकाळी तिचा एकच निरोप आला: "नागोठण्याला गाडी थांबली आहे. खाली सगळं पाणी आहे. काळजी करू नको." त्यानंतर फोन बंद.

काळजी करू नको! ही काय पंख्याची कळ आहे? मुलगा कंपनीत शिफ्टला, तोही पाण्याच्या पलीकडे अडकलेला. सून सुनंदा स्वयंपाकघरात उद्याच्या पितरांची तयारी करत होती. मी विचारलं, "घाबरलीस का गो?" तर म्हणाली, "मी कशाला घाबरू? माझी पोर हुशार हाय." आणि तांदळाचा डबा उघडून त्यात डाळ ओतली.

आंबा नदी नागोठण्यात शिरली की काय करते ते मला ठाऊक आहे. आमच्या लग्नाआधी एकदा मामाच्या दुकानातली गुळाची ढेप तिनं रस्त्यापलीकडच्या दुकानात नेऊन ठेवली होती. नदी आहे ती, तिला आपलं-परकं नाही. मी ओट्यावर बसले. फोन मांडीवर. दर दोन मिनिटांनी फोनमधली ती बाई मला सांगायची की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती. पुढचं मी ऐकायचीच नाही.

*

मी रोह्याची. कुंडलिकेच्या पाण्यावर वाढलेली, मॅट्रिक झालेली, आणि त्यामुळे डोक्याला किंचित हवा लागलेली. माझे बाबा दस्तलेखक. कचेरीबाहेर लाकडी मेज, शाईची दौत, आणि समोर रांगेत उभी असलेली जमिनीची भांडणं. जुने कागद मोडीत असायचे म्हणून बाबांनी मला लहानपणीच मोडी शिकवली. आधी कागदावर आडवी रेघ पूर्ण ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात न उचलता. बाबा म्हणायचे, "ही अक्षरं एकमेकांचा हात सोडत नाहीत. म्हणून वाचणाऱ्याला एक अक्षर अडलं तर शेजारच्याला विचारावं."

मला पाहायला खारेपाटातली मंडळी आली तेव्हा मी गुलाबी नायलॉनची साडी नेसले होते आणि चेहऱ्यावर असा भाव आणला होता की जणू मला कुणी फोटोसाठी थांबवलंय. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाकाकडे पाहिलं, असं मला वाटलं. माझं नाक तेव्हा बरं होतं. त्यांनी पिशवीतून एक पिवळं पान काढलं आणि पुढ्यात धरलं. "हे वाच बाय."

मी वाचलं. धडाधड. आकाशवाणीवरच्या बाईंचा आवाज काढून.

"ठरलं," सासूबाई म्हणाल्या. चहासुद्धा पुरा प्यायल्या नाहीत.

कितीतरी महिने मी समजत होते की मी दिसण्यावर पसंत पडले. मैत्रिणींना पत्रं लिहिली तशी. खरी गोष्ट अशी होती की पोथी वाचणारे सासरे डोळ्यांनी अधू झाले होते आणि गावात दुसऱ्या कुणाला मोडी येत नव्हती. मी म्हणजे त्या घरात आणलेला चष्मा. गुलाबी फ्रेमचा.

*

लग्नानंतरचा तो पहिला भाद्रपद. मी उंच टाचेच्या, पट्ट्यांच्या चपला घालून खारेपाटात आले होते. पट्टे सोडवायलाच वेळ लागायचा, तोवर चिखल त्यांना गिळायचा. रात्री मी त्या चपला धुवायची, सकाळी पुन्हा घालायची. नवरा बिचारा एकदा म्हणाला, "बगळ्यासारखी चालतेस." मला ते कौतुक वाटलं.

सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी ओटीवर बाया जमल्या. ओल्या लुगड्यांचा वास, तंबाखूची मिसरी, कंदिलाची काच पुसून लख्ख केलेली. सासूबाईंनी पोथी माझ्या पुढ्यात ठेवली. आतापर्यंत सासरे वाचायचे. या घरात बाईनं वाचण्याची ही पहिलीच वेळ. मी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि सुरू झाले. चिखल, पेंढा, उघाडी, मावशी, सगळं. मनातून हसू येत होतं. चिंबोरीला मावशी म्हणायचं! मॅट्रिकला जीवशास्त्रात शंभरातले एवढे गुण घेतलेली मी!

मग ते पान आलं. पुढे कुणी चालावं? मानाची बाई असेल, वाटलं. थोरली सवाष्ण, नाहीतर पाटलाची सून. कदाचित वाचणारीच. मी मान जरा ताठ केली. तर पणज्याच्या आईनं लिहवून घेतलं होतं ते असं, की जमलेल्या बायांत जिला सगळ्यांत जास्त भय वाटत असेल तिच्या हाती सूप द्यावं. तिनं आपल्या तोंडानं भय कबूल करावं. चालताना मान वर करू नये. धीटीण बाई पाय कुठं पडतोय ते बघत नाही. भित्री प्रत्येक पाऊल बघून टाकते, तिच्या नजरेतून बीळ सुटत नाही.

मी हे मोठ्यानं वाचलं आणि कोण ती बिचारी, म्हणून गोल नजर फिरवली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी? मी नाही घाबरत. मी कशाला घाबरू?"

आता मला कळतं, सुनंदा माझीच सून आहे.

शेजारची गोदी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, माझ्याच वयाची. तिनं शांतपणे पदराची गाठ सोडली. त्यातून एक चिंबोरी निघाली आणि नांग्या उगारून आडवी-आडवी थेट माझ्या मांडीकडे आली. मी जी किंचाळले ती म्हणे पलीकडच्या गावच्या कुत्र्यांनी ऐकली. पोथीची पानं मात्र हातातून सोडली नाहीत, एवढं श्रेय मला द्या. अंगठा रुतला कागदात. तो ठसा अजून आहे.

"बोल," गोदी म्हणाली, "भय वाटतंय का नाय?"

"वाटतंय! वाटतंय! उचल ती!"

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "कबूल केलंन्. उद्या चपला घरी ठेव."

*

त्या पहाटेचं मला काय काय आठवतं. ओहोटीनं उघडा पडलेला चिखल, शिशासारखा चकाकणारा. तिवरांच्या झाडांची मुळं बोटं वर करून उभी. आणि पायाखालचा बांध, गार, निसरडा, श्वास घेतल्यासारखा जिवंत. माझ्या हातातल्या सुपातले तांदूळ पावसाच्या आवाजात आपले वेगळेच वाजत होते.

मी सगळीकडे थांबले. बिळापाशी थांबले, बैलाच्या खुरापाशी थांबले, एका नारळाच्या करवंटीपाशी थांबले. "मावशे, तुझं घर..." माझा आवाज आकाशवाणीचा राहिला नव्हता. मागून हसू येत होतं. "अगो, खूर हाय तो रेड्याचा! रेड्याला मावशी करतीस?" पण सासूबाई म्हणत, "तिना तांदूळ टाकलेत ना? भरा." आणि खूरसुद्धा चिखलानं भरला जायचा, टाचेनं दाबला जायचा.

एकदाच मान वर केली. पलीकडे पुरुष टोपल्या घेऊन उभे होते आणि आपला नवरा बघतोय का, बगळ्यासारखं दिसतंय का, हे बघायचं होतं. सासूबाईंनी मागून माझ्या मानेवर थंड बोट टेकवलं. "खाली. तो कुठं पळत नाय."

दुपारी उधाण आलं. मी दारात उभी. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. मुलं रडेनात. कोंबड्यासुद्धा ओरडल्या नाहीत, किंवा मला ऐकू आल्या नाहीत. मला वाटत होतं, माझ्याकडून एखादं सुटलं असेल. एखादं बीळ, गवताखालचं, मी रेड्याच्या खुरावर वेळ घालवला तेवढ्यात.  सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि गोदी, आणि तिची सासू. कुणी धीर दिला नाही. सगळ्यांनाच तीच भीती होती. पाणी थांबलं. थांबून राहिलं. मग खाली गेलं.

त्या वर्षी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कुठल्यातरी गावची आहे. ही गोष्ट पोथीतसुद्धा कुठं लिहिलेली नाही, आणि मी मॅट्रिकच्या तोऱ्यात ती कुणाला सांगितलीही नसती.

*

आता बांध बदलला आहे. अर्ध्या भागाला सरकारी दगड लागले. अर्ध्या भागात शेतं कुणी पेरत नाही, तिथं तिवरं माजली आहेत. चालायला बाया कमी. काहींची कंपनीत कामाची वेळ, काही पनवेलला राहायला गेल्या. दगडाच्या भागात तांदूळ टाकायला जागाच नाही. तरी आम्ही तिथंही चालतो, उगाच, ओळखीच्या घरावरून जाताना डोकावतात तसं.

आणि भीतीही बदलली आहे. पूर्वी ती सगळ्यांत वाटली जायची. एका चुलीतला विस्तव घरोघर जायचा तशी. आता ज्याची त्याच्या मांडीवरच्या फोनात. त्या संध्याकाळी ओट्यावर मी बसले होते आणि आत सून तांदळात पडलेली डाळ निवडत होती. आमच्यामध्ये एक भिंत होती आणि दोघीही एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून हळू श्वास घेत होतो.

मला पोथीची काळजी वाटत होती का? सुरुवातीला, हो. शाल भिजेल, पिशवी गळेल, शाई पसरेल. पणज्याची अक्षरं एकमेकांचा हात सोडतील. मग अंधार पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ पोथीचा विचारच केलेला नाही. मी तनूच्या पायांचा विचार करत होते. तिच्या पायात त्या पांढऱ्या चपला आहेत, जाड तळव्यांच्या. पाण्यात पाय घालताना ती खाली बघते का? मोबाइलमधून मान वर काढते का? गटाराचं झाकण उघडं असलं तर?

गोदी आली. तीही आता आजी, एका डोळ्यानं कमी बघते पण जिभेनं कधीच कमी नाही. "पोथी नाय तर काय वाचनार, म्हातारे?"

"तोंडपाठ आहे मला."

"मग म्हन."

मी सुरू केलं. चिखल, पेंढा, उघाडी. मध्येच थांबले. पुढचं आठवेना. इतकी वर्षं वाचलेलं! अक्षरांचा आकार डोळ्यांसमोर येत होता, कसरीनं खाल्लेली कडासुद्धा, पण आवाज येत नव्हता. सुनंदा आतून आली, ओल्या हातांनी, आणि दाराला टेकून पुढची ओळ म्हणाली. मग ती अडली तेव्हा गोदीनं उचलली. तिला कधी अक्षरओळख नव्हती. शेजारच्याला विचारावं, बाबा म्हणायचे. झालं तसं वाचन. तुटक, पण झालं.

मग ते पान आलं. कुणाच्या हाती सूप?

"मी नाय घाबरत," सुनंदा लगेच म्हणाली. 

गोदी माझ्याकडे वळली. पदराला हात घातला.

"गाठ सोडू नको," मी म्हणाले. "वाटतंय. फार वाटतंय."

हे मी तिच्याशी बोलले, पण सुनंदाला ऐकू जावं म्हणून. ती दारापाशी होती ती खाली बसली आणि रडली. चला, निदान उद्याचा भात डाळीशिवाय शिजेल, असं मी म्हटलं, आणि ती रडता रडता हसली. रात्रीबद्दल काही लिहीत नाही. ती होती तेवढीच होती.

*

पहाटे पाऊस बारीक झाला होता. वरून नदीचं पाणी आणि दुपारी खालून उधाण, म्हणजे दोन्हीकडून कात्री. गावचा रस्ता पाण्याखाली गेलेला. सुकं काय ते बांधावर. बाया आल्या, मोजक्याच. मी चपला दाराशी ठेवल्या. सूप हातात घेतलं. वाटलं होतं त्याहून जड. सुनंदा माझ्यामागे, चिखलाची टोपली घेऊन.

आणि मी मान खाली घातली.

म्हातारपणी बांधावरून मान खाली घालून चालणं सोपं असेल असं वाटत होतं, मान आपसूकच खाली असते. पण नाही. सगळा जीव वर बघायला ओढ घेत होता. बांधाचं दुसरं टोक मोठ्या रस्त्याला लागतं, पेणहून रिक्षा आली तर तिथंच थांबेल. एकदा बघू? फक्त एकदा? मानेवर थंड बोट टेकवायला सासूबाई नव्हत्या. तरी मला ते टेकलेलं कळत होतं.

पहिलं बीळ. तांदूळ. "मावशे, तुझं घर बुजवतो." मागून चिखलाचा थप्प आवाज, टाचेचा आवाज. दुसरं. मग एक खूर. मी थांबले. कुणी हसलं नाही. गोदीसुद्धा नाही. "भरा," सुनंदा म्हणाली.

उघाडी मागे पडली तेव्हा मागच्या बायांत काहीतरी कुजबुज झाली. कुणीतरी "अगो..." म्हणून थांबलं. माझ्या मागचा चिखलाचा आवाज बंद पडला. सुनंदाचा श्वास माझ्या कानाशी आला, अडकल्यासारखा. मला काय ते विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. पाणी शिरलंय का? खांड? की दुसरं काही?

"मान वर करू नको," गोदी मागून म्हणाली. आवाज वेगळाच. "चल तू. बघत बघत चल."

चालले. गवत, चिखल, शंखाचा तुकडा, गवत. गवताखाली ओलसर काळी जागा, हातानं बाजूला केलं तर खरंच बीळ, मोठं, तोंडाशी ताजी माती. कालच केलेलं. मी थांबले, वाकले.

आणि बिळाच्या पलीकडे दोन पाय येऊन थांबले.

अनवाणी. घोट्यापर्यंत चिखल, उजव्या अंगठ्याला खरचटलेलं, करंगळीचं नख अर्धं रंगवलेलं. हे पाय मी न्हाणीत धुतलेत, तेलानं चोळलेत, त्यांची करंगळी माझ्या नवऱ्याची आहे. पायांच्या शेजारी हातात लोंबणाऱ्या पांढऱ्या चपला. आता पांढऱ्या नव्हत्या.

"आजी, गाडी पहाटे सुटली. रिक्षावाला म्हणाला पुढं पाणी आहे. मग मी बांधावरून..." चपला चिखलात पडल्या. "पोथी कोरडी आहे. डोक्यावर धरून आणली. अर्ध्याच पानांचे फोटो झाले पण."

मला पोथीबद्दल विचारायचं सुचलंच नव्हतं, हे तिला सांगायला नको. वर्षभर चिडवेल.

मी बिळावर तांदूळ टाकले. जरा जास्तच पडले. मावशीला लाभले. सुनंदा पुढे आली, चिखल घातला, आणि तो दाबताना तिनं लेकीच्या पायावर पाय ठेवला, मुद्दाम, घट्ट.

"घाबरली होतीस?" मी विचारलं, जमिनीकडे बघत.

ती पायाच्या बोटांनी चिखल उकरायला लागली. आमच्या घरात हे असंच आहे.  खाडीत कुठंतरी भरतीचा पहिला आवाज लागला होता.

"खूप," ती म्हणाली. "खूप घाबरले, आजी. अजून घाबरलीय."

"मग धर."

मी सूप तिच्या हातात दिलं. तिनं पोथी माझ्या हातात दिली, शालीत गुंडाळलेली, उबदार, डोक्यावरून आलेली. ती वळली, मान खाली घातली आणि आली होती त्याच वाटेनं एक एक पाऊल बघत निघाली. थोड्या अंतरावर थांबली. मला इथूनही दिसत होतं की तिथं काही नाही, नुसता कुणाच्या तरी पायाचा ठसा आहे. बहुधा तिचाच, येतानाचा.

"मावशे," तिचा आवाज आला, लाजल्यासारखा.

"भरा गो," मी म्हणाले, आणि मान वर केली.